राखेतलं बी

कबनूर,
८ जानेवारी २००३

काजिरमाळच्या काळी भाकरी खाणाऱ्या मंडळींनो,
गावातल्यांनो, वस्तीतल्यांनो, वर धनगरवाड्यावरच्यांनो,

सप्रेम जय भीम. ज्यांच्या तोंडी तो बसत नाही त्यांनी रामराम समजून घ्यावा.

हे पत्र चेअरमन हंबीरराव डेअरीच्या कर्ण्यावरून वाचून दाखवील. सकाळचं दूध घालून झालं की कुणी घाईनं घरी जाऊ नये. म्हशी कुठं पळून जात नाहीत.

आपलं तिन्ही ठिकाणच्या लोकांचं एक दुखणं सारखं आहे. आपण नाचणा खातो. त्यापायी खालच्या ऊसवाल्या मुलखानं आपल्याला मुली दिल्या नाहीत. शाळेत आपला डबा उघडला की पोरं नाक धरायची. मग रेशनवर सोंडे पडलेला गहू आला आणि साहेब म्हणाले, आता तरी माणसासारखं खा. आपल्या डोंगरात काय पिकावं हे त्यांनी ठरवलं, आपल्या ताटात काय पडावं हेही त्यांनीच ठरवलं. आणि आता त्याच लोकांची साखर वाढली आहे. डॉक्टर त्यांना सांगतात, नाचणी खा. कालची काळी भाकरी आज पौष्टिक झाली! भाकरी तीच आहे. बदलला आहे तो फक्त त्यांच्या लघवीचा रिपोर्ट.

कोल्हापुरात अशा लोकांनी एक ‘सकस डोंगर प्रतिष्ठान’ काढलं आहे. त्यांच्या कागदावर आपल्याला ‘भागीदार’ म्हटलं आहे. बोकडाला कापायच्या आधी हळद लावतात, त्यातलाच हा शब्द. तरीही मी त्यांना होकार दिला आहे, आणि का दिला ते ऐका.

ते आपल्या गावात बियाण्याचं घर बांधून देणार आहेत. गाव, वस्ती आणि धनगरवाडा, तिघांचं मिळून एक घर. दोन-चार वर्षांतून एकदा वस्तीतलं बी संपतं. मग मृगाच्या आधी आमच्या बाया मोठ्या घरांच्या परड्यात जाऊन उभ्या राहतात. बी मिळतं, पण त्यासाठी सगळा पावसाळा खुरपं घेऊन त्या घरची भांगलण फुकट करावी लागते. (हंबीरराव, इथं आवाज बारीक करू नकोस.) बी सगळ्यांच्या मालकीचं झालं तर हे परड्यातलं उभं राहणं संपेल. म्हणून प्रत्येक घरानं आपलं सगळं बी द्यायचं. चार मुठी मागं ठेवणारा उद्याचा सावकार आहे असं मी समजेन. प्रतिष्ठान ते स्वतःच्या उद्घाटनाला कोल्हापुरात मांडणार आणि पेरणीआधी आपल्या नव्या घरात आणून ठेवणार.

आणखी एक. बी राखेत घोळलेलं असतं, ते तसंच पाठवू नका. माझ्या डब्याला चुलीची राख लागलेली असायची, म्हणून मास्तर मला ‘राखेतला’ म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. त्या वर्गातलीच पोरं आता कोल्हापुरात पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांना हसायला जागा ठेवू नका. धुवा, वाळवा, पाखडा, आणि पांढऱ्याशुभ्र पिशव्यांतून पाठवा.

तुमचा,
दादासो कुरणे


काजिरमाळ, ता. चंदगड
२१ जानेवारी २००३

दाद्या,

रामराम. तुझं पत्र कर्ण्यावरनं वाचलं. आवाज बारीक केला न्हाय, उलट परड्याची ओळ आमच्या आबांकडं बघून दोनदा वाचली. आबा उठून गेलं. दूध मात्र घालून गेलं.

केरबा धनगर म्हणला, “ह्यो कबनुरात माग चालवतोय आन हितं आमची चूल चालवाय बघतोय.” सगळी हसली. पण वस्तीतल्या बायांनी पयल्यांदा बी आणून टाकलं, मग गावातल्यांनी लाजंकाजं दिलं, आन शेवटी केरबानंच धनगरवाड्याचं सगळं बी डोक्यावरनं खाली आणलं. म्हणला, “बोलतोय वंगाळ पण खरं बोलतोय दादासो.”

राख धुवायला मात्र एक बाई तयार न्हवती. आमची आई म्हणली, “राखंतलं ते बी आन स्वच्छ ते खायाचं, एवढीच खूण हाय आपल्यात. दुष्काळात पोरं उपाशी निजली, पर राखंतल्या दाण्याला कुणी हात लावला न्हाय. धुतल्यावर वळखायचं कसं?” मी म्हणलं, आई, दादासोनं लिवलंय, त्यो शिकलेला माणूस हाय. मग धुतलं. दोन दिवस वढ्यावर जत्रा भरलीवती.

न्यायला जीप आली. राजवीर नावाचं पोरगं हुतं, डोळ्यावर काळा गॉगल. केरबा म्हणला, “पावणं, बसा की, ताक घ्या.” त्यो म्हणला, “काका, टाइम नाही.” जीप गेल्यावर केरबा माझ्याकडं वळला. “बी न्यायला टाइम हाय, बसाय न्हाय. ही सोयरीक टिकायची न्हाय, चेअरमन.”

उद्घाटनाला आमास्नी न्यायला दुसरी जीप येणार हाय म्हणं. बाया लुगडी काढून बसल्यात.

तुझा,
हंबीरराव


कबनूर,
१८ फेब्रुवारी २००३

हंबीर,

परवा उद्घाटन झालं. तुम्ही कुणी आला नाहीत. जीप पाठवली होती, तुमच्याच लोकांना वेळ झाला नाही, असं राजवीर म्हणाला. तुम्हाला वेळ होत नाही! मग मी कुणासाठी घसा फोडायचा?

तो हॉल बघायला हवा होतास. थंडगार हवा, गुबगुबीत खुर्च्या, आणि खुर्च्यांवर त्याहून गुबगुबीत माणसं. विषय ‘डोंगरी भागातील अन्नसुरक्षा’. भूक म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही चतुर्थीच्या पलीकडे ठाऊक नाही, आणि त्या दिवशीही साबुदाणा असतो. एक गृहस्थ म्हणाले, आदिम समाजांकडून आपण खूप शिकण्यासारखं आहे. शेजारच्यानं टाळी वाजवली. त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं, याला शिकवायचं म्हणजे आधी भाकरी आणि फरशी यांतला फरक सांगावा लागेल.

माझा नंबर आला. मी म्हणालो, “तुम्ही उपास सोडता. आम्ही उपाशी राहणं सोडायला बघतो आहोत. दोन्हीला एकच फराळ चालणार नाही.” हॉल उठून उभा राहिला. मी त्यांना शिव्या देत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते. या लोकांना चाबूकही मालिश वाटतो.

स्टेजवर नाचणीच्या दाण्यांची रांगोळी काढली होती. धान्य पायाखाली घालून त्याचा गौरव करायचा, ही नवी रीत. आपल्या पिशव्या मात्र कुठं दिसल्या नाहीत. आतल्या खोलीत नीट ठेवल्या असतील.

शेवटी नाचणीचे लाडू वाटले. खोटं कशाला सांगू, लाडू उत्तम होते. मला आईच्या हातचं काहीतरी आठवलं. त्यांना चक्क चुलीच्या धुराचा वास होता. गॅसवर कढई ठेवणाऱ्या त्या शहरी आचाऱ्याला तो कसा साधला देव जाणे. मी देव मानत नाही, म्हणून आचारीच जाणे.

दादासो


काजिरमाळ,
६ मार्च २००३

दाद्या,

जीप आली न्हाय. बाया दुपारपतोर रस्त्यावर उभ्या हुत्या. आमास्नी वेळ न्हवता म्हणणाऱ्याच्या गॉगलात शेण.

एक इचारतो. चेष्टा करू नको, सरळ सांग. लाडवाला धुराचा वास नक्की आला काय? का तुला भाषणाच्या नादात तसं वाटलं?

बी कधी आणून देणार त्ये बी इचारून ठेव.

हंबीरराव


कबनूर,
१४ मार्च २००३

चेअरमन साहेब,

आता समजलं. तुमचं दुःख अन्नसुरक्षेचं नसून लाडवाचं आहे. तिन्ही वस्त्यांचं भवितव्य एका बाजूला आणि हंबीररावांचा हुकलेला लाडू दुसऱ्या बाजूला. ही तुम्हा मोठ्या घरांची जुनी खोड. पंगत कसलीही असो, आपल्या पत्रावळीकडं आधी बघायचं.

तर सविस्तर ऐका, म्हणजे जीव निवेल. लाडू गर्द लाल, काळपटाकडं झुकलेले. वर अर्धा काजू. दाताखाली क्वचित बारीक कच, आपल्या टेकाडाच्या मातीसारखी. आणि धुराचा वास होता, होता, होता! मी दोन खाल्ले. तिसरा रुमालात बांधून घरी आणला आणि आर्यनला दिला. माझा हा पोरगा गावाला सुट्टीपुरता गेलेला, पण लाडू तोंडात घालून म्हणाला, “बाबा, आजीच्या घराचा वास येतोय.” मी कारखान्यात सगळ्यांना ही गोष्ट सांगतो आहे. मागवाले म्हणतात, दादासो, तुझं पोरगं वासावरून सातबारा काढील.

बियाण्याची काळजी करू नकोस. मी राजवीरला फोन केला होता. मीटिंगमध्ये होता.

दादासो


काजिरमाळ,
२९ एप्रिल २००३

दादासो,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं न्हाय. पयल्यांदा खात्री करायची हुती. मी आन केरबा, दोघं एस.टी.नं कोल्हापूरला गेलतो.

प्रतिष्ठानाच्या हापिसात राजवीर भेटला. मी म्हणलं, “साहेब, आमचं बी द्या, मृग जवळ आला.” त्यो म्हणला, “कुठलं बी?” मी म्हणलं, “पांढऱ्या पिशव्या, जीपमधनं आणलेल्या.” त्यो हसला. म्हणला, “ती नाचणी ना? ती तर उद्घाटनाला वापरली. इतकी स्वच्छ, निवडलेली नाचणी बाजारात मिळत नाही हो. सगळे पाहुणे खूश होते.” थोडी रांगोळीला गेली. बाकीची गिरणीत. तू खाल्लास त्यो लाडू त्याचा.

मला तुझ्या लाडवाच्या पयल्या पत्रालाच शंका आलीवती. धूर बियाण्याला असतोय, दाद्या. खायाचा नाचणा कणगीत असतोय, त्याला धूर लागत न्हाय. बी तेवढं चुलीवरच्या शिंक्यात टांगल्यालं असतंय. राख धुतली तरी धूर जाईत न्हाय. ह्ये तुला ठावं हुतं. तू ह्याच गावात जन्मलास.

केरबा जिना उतरताना म्हणला, “माझ्या बानं डोंगर सोडला न्हाय, आज्यानं सोडला न्हाय. आता पेरायचं काय?”

आमचा पुढचा हंगाम तू खाल्लास. दोन लाडू. तिसरा पोराला दिलास. कणगीतला खायाचा नाचणा शिमग्यालाच संपला, आन बियाण्यातलं कुणाच्याच घरात मूठभर शिल्लक न्हाय, कारण चार मुठी ठेवणारा सावकार, असं तू लिवलंवतंस.

हंबीरराव


कबनूर,
६ मे २००३

हंबीर,

तुझं पत्र वाचलं आणि सरळ कोल्हापूर गाठलं. मागावरची पाळी बुडवली.

राजवीर उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, “सर, तुमचं भाषण अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.” मी म्हणालो, “मी भाषणाला आलो नाही. तीन वस्त्यांचं बी तुम्ही साजूक तुपात वळलंत.” तो म्हणाला, “सर, कम्युनिकेशन गॅप. पिशवीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण आम्ही भरपाई देतो ना.” आणि त्यानं कपाटातून चकचकीत पाकिटं काढली. सुधारित नाचणी. पाकिटावर कणसाचा फोटो, मूठ आवळून धरलेली. आपल्याकडच्या पावसात त्या मिटलेल्या मुठीत पाणी साचून कणीस उभ्या जागी कुजेल. आपल्या नाचण्याची बोटं उघडी असतात. डोंगरानं त्याला तसं घडवलं आहे. मी त्याला हे सांगितलं, तर तो वहीत लिहून घ्यायला लागला! म्हणाला, “सर, हे छान आहे, पुढच्या अहवालात घेतो.” पाकिटं त्याच्या टेबलावर टाकून मी बाहेर पडलो.

हे लोक दरोडेखोर असते तर मी त्यांचा आदर केला असता. दरोडेखोराला निदान माहीत असतं आपण काय उचललं ते. या बावळटांनी एक डोंगर खाल्ला आणि त्यांना ढेकरही कळला नाही.

पण तुलाही विचारतो. चेअरमन म्हणून मिरवतोस, पिशवीवर कोळशानं ‘बी’ एवढं एक अक्षर काढायला हात मोडले होते का?

आता असं कर. तिन्ही ठिकाणच्या बाया घेऊन कोल्हापूरला ये. बिंदू चौकातून मोर्चा काढू. भाषण मी तयार केलं आहे. या प्रतिष्ठानाला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

दादासो


काजिरमाळ,
१३ मे २००३

दाद्या,

मोर्चानं नाचणा उगवत न्हाय. कापूस पिंजल्यागत बोलतोस, पण अंथरूण कुणाचं व्हईत न्हाय.

पिशवीवर लिवलं न्हाय म्हणतोस. आमच्यात बियाण्यावर लिवत न्हाईत, राख लावत्यात. ती पुसायला कुणी सांगितलं? वाचून मीच दाखवलं, म्हणून निम्मं पाप माझं. उरलेलं तू वाटून घे, त्या गॉगलाबरोबर.

आता कामाचं ऐक. बी हाय. गावात न्हाय, पर हाय. लेक सासरला जाताना तिच्या ओटीत घरचं बी घालत्यात, राखंसकट, तुला ठावं हाय. आमची संयोगिता आजऱ्याकडं दिलीया, ती पेरती. केरबाची लेक घाटाखाली हाय, तीबी पेरती. गावातल्या, वाड्यावरच्या निम्म्या लेकी पेरत असतील. त्यांच्या शिंक्यात आपलाच नाचणा टांगलाय.

पण मागायला कोण जाणार? ओटीतलं दिलेलं परत मागायचं नसतंय. आमचं आबा म्हणलं, “लेकीच्या दारात हात पसरण्यापरीस रेशनचा गहू खाऊन मरीन.” केरबाबी तेच म्हणतोय. तिन्ही ठिकाणच्या बाप्यांचं आयुष्यात पयल्यांदा एकमत झालं, आन ते ह्याच्यावर. बाया म्हणत्यात, तुमी जाणार असला तर आमी लेकींस्नी सांगावा धाडतो. पण दारात बापानं नायतर भावानं उभं ऱ्हायला पायजे, बाईनं मागितलं तर ती आपसातली मूठभराची उसनवारी हुती.

तुझं ऐकतील. शिव्या दिल्यास तरी ऐकत्यात. पण तू कंच्या तोंडानं सांगणार? तुझ्या बहिणीच्या, यल्लव्वाच्या लग्नात ओटी तूच बंद पाडलीस. भर मांडवात माईक घेऊन म्हणलास, ही अंधश्रद्धा हाय. तवापास्नं बहिणीचा उंबरा तू चढला न्हाईस.

परवा बेळगावच्या गाडीत तिची पोरगी सोनम भेटलीवती. मी तिला सगळं सांगितलंय.

मृग तोंडावर आला. बघ.

हंबीरराव


बेळगावकडून
१७ मे २००३

दादासो अण्णास यल्लव्वाचा जय भीम.

सोनमकडून लिहून घेती. हंबीरदादानं सांगितलेलं कळलं. लाडू खाल्लेलं पण कळलं. हसू आलं, मग आलं न्हाय.

लग्नात तू ओटी भरू दिली न्हाईस. पत्रिकेवर माझं नाव पण बदललंस, यशोधरा छापलंस. नाव चांगलं हाय, माझी काय तक्रार न्हाय. पण ट्रकात बसताना आईनं माझ्या मांडीवर बिस्किटाचा डबा ठेवला. आत राखेतलं बी. म्हणली, “दाद्याला सांग, ही ओटी न्हवं. ह्ये बी हाय.” तुला सांगायचं ऱ्हायलं, कारण तू आलाच न्हाईस.

दरसाली पेरती. आता पण शिंक्यात हाय. पण मी पाठवून देणार न्हाय. सोनमच्या हातनं न्हाय, यष्टीच्या ड्रायव्हरबरोबर पण न्हाय. तू यायचं. दारात उभं ऱ्हाऊन मागायचं. माईक आणायचा न्हाय.

देव सोडलास ते बरं केलंस. बी सोडाय कुणी सांगितलंवतं?

यल्लव्वा


कबनूर,
२० मे २००३

काजिरमाळच्या बापांनो आणि भावांनो,
गावातल्यांनो, वस्तीतल्यांनो, धनगरवाड्यावरच्यांनो,

हंबीरराव हे पत्र कर्ण्यावरून वाचतो आहे. बायकांनी ऐकलं नाही तरी चालेल. त्यांना यातलं सगळं आधीपासून माहीत आहे. बाप्यांनी मात्र कुणीही उठून जाऊ नये. हंबीररावाच्या आबांनी तर नाहीच.

तुमचं बी कोल्हापुरात लाडू होऊन संपलं. राख धुवा असं मी लिहिलं होतं. मास्तरानं ज्या राखेवरून मला हिणवलं, तिची मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटली, आणि ती मी तुमच्या बियाण्यावरून धुऊन घेतली. ते पत्र कुणी जपून ठेवलं असेल तर आज चुलीत घालावं. त्याची राख होईल आणि ती तरी कामाला येईल.

आता तुमच्याबद्दल.

तुम्ही म्हणता, ओटीत दिलेलं परत मागायचं नसतं. वा! ज्या साहेबानं तुमच्या अंगणात ताकाचा घोटही घेतला नाही, त्याच्या जीपमध्ये तुम्ही सगळं बी स्वतःच्या हातानं चढवलंत. तेव्हा तुमची मिशी खाली आली नाही. दारात उभं राहून रेशनच्या दुकानदाराला ‘साहेब’ म्हणताना ती खाली येत नाही. पाकिटातलं बी घेताना ती खाली येणार नाही, आणि ते कुजल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट मागतानाही येणार नाही. ती खाली येते फक्त पोटच्या लेकीपुढे. थू असल्या मिशीवर. ती कुणाच्याही पुढे वाकते आणि घरच्यांपुढेच ताठ असते. त्यातली एक मिशी माझी आहे आणि ती सगळ्यांत लांब आहे, कारण मी ती भाषणांनी वाढवली.

मोठी घरं म्हणत असतील, वस्तीच्या लेकीचं बी आमच्या शेतात कसं चालेल? आबा, गेल्या दुष्काळात पेरलेलं करपल्यावर तुमच्या घरात बी कुठून आलं होतं ते माझ्या आईला विचारायला हवं होतं. ती आता नाही. तुम्ही संध्याकाळी वस्तीच्या मागच्या बाजूनं आला होता. तिनं पायली भरून दिली, आणि तुमच्याकडून एका दिवसाचीही भांगलण करून घेतली नाही. बियाण्यानं विचारलं नाही ते कुणाच्या घरचं. नाचणा सारखाच उगवला.

कोल्हापूरकरांनी ‘भागीदारी’ हा शब्द विटवून टाकला आहे. तरी मला दुसरा शब्द सापडत नाही. गावाच्या, वस्तीच्या आणि धनगरवाड्याच्या लेकींकडून जे येईल ते डेअरीच्या खोलीत एका ढिगात पडेल आणि प्रत्येक वावराला लागेल तेवढं त्यातून जाईल. यात कुणी कुणाच्या परड्यात उभं राहणार नाही. त्या खोलीवर कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही. उद्घाटन होणार नाही. आणि राख कुणीही झाडणार नाही. झाडली तर त्याला चंदगडच्या बाजारात उभा करून मी स्वतः भाषण करीन, आणि माझं भाषण ऐकणं ही काय शिक्षा असते ते आता तुम्हाला कळलं आहे.

एवढं सगळं लिहिलं ते एका कामासाठी. ते एकच काम करा.

येत्या सोमवारी पहिल्या एस.टी.नं निघा. ज्याची लेक जिथं दिली असेल तिथं, ज्याला लेक नाही त्यानं बहिणीकडं. मधल्या माणसाला पाठवू नका, पोराच्या हाती चिठ्ठी देऊ नका, फोन करू नका. उंबऱ्याबाहेर उभे राहा आणि म्हणा, “बाई, तुझ्या ओटीतलं बी दे.” ती हसेल. हसू द्या. तिचा सासरा बाहेर येऊन बघेल. बघू द्या. पायलीभर बी मागा आणि खाली मान घालून घेऊन या.

मी सोमवारी सकाळी यल्लव्वाच्या दारात असेन. माईक नेणार नाही.

पहिली गाडी चुकवू नका.

दादासो कुरणे